बग्गीचं पासिंग: अडचण लाइटची नाही
दादा, सातपूरच्या गॅरेजात बनवलेल्या बग्गीला (उघड्या सांगाड्याच्या मोटारगाडीला) हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न बसवले की नाशिक आरटीओत पासिंग होईल का, असं विचारलंत. नाही होणार. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज; त्यासोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि उत्पादकाचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) लागतो; त्यामागे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालची, एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता. एका गाडीसाठी ते खिशाला झेपत नाही. मित्राच्या बग्गीचा चेसिस नंबर घ्यायला आम्ही कागद ठेवून पेन्सिल घासली, तर नुसते वेल्डिंगचे ओरखडे उमटले; नोंदवायला नंबरच नव्हता. जुन्या जीपच्या आरसीवर चालवा, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई, आड येतं, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. टेम्पोत घालून न्या, स्वतःच्या शेतात मनसोक्त फिरवा.