मदत हवी आहे: 'बीपीच्या गोळीने किडनी जाते' म्हणून आईने गोळी बंद केली आहे

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आई ६४ वर्षांची. कराडजवळच्या गावी असते, भाऊ-वहिनी शेजारीच. मी पुण्यात. तिला १२ वर्षांपासून साखर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. दिवाळीत बीपी १६४/९४ निघालं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ दिली. दोन महिन्यांत पावलं सुजायला लागली, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही किडनीची सूज, बीपीच्या गोळ्यांनीच होतं." आईने गोळी सोडली आणि मला सांगितलं नाही. मी रोज फोनवर विचारायचे, ती रोज "घेतली गं" म्हणायची. मार्चमध्ये गावी गेले तर देवघराच्या फळीवर अख्ख्या स्ट्रिपा तशाच पडलेल्या. मला रडूच आलं.

तिला पुण्यात आणून तपासण्या केल्या. बीपी १५८/९०, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ०.९, पोटॅशियम ४.४, पण लघवीतलं एसीआर (प्रथिनं किती गळतात ते) १९०. इथल्या डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली आणि "ही किडनीसाठीही चांगली" एवढंच म्हणाले. बाहेर मोठी रांग होती, जास्त विचारता आलं नाही. आई म्हणते क्रिएटिनिन चांगलं आहे, म्हणजे किडनी चांगली आहे, मग चांगल्या किडनीला गोळी कशाला? दहा दिवस घेतली. मग पहाटे उठताना चक्कर यायला लागली म्हणून तीही बंद केली.

ती सूज खरंच किडनीची होती का? क्रिएटिनिन चांगलं असताना ही गोळी का लागते? चक्करेचं काय करू? आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना तुम्ही हे कसं पटवलंत, तेही सांगा. माझं बोलणं ती ऐकून घेते आणि मनासारखंच करते.

— कृष्णाकाठची

वऱ्हाडी_फिजिशियन:

ताई, मी फिजिशियन आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. पण तुमचे प्रश्न योग्य आहेत आणि त्यांची उत्तरं रांगेत चार मिनिटांत मिळत नाहीत हे मला माझ्याच ओपीडीवरून माहीत आहे.

अ‍ॅम्लोडिपिनने बारीक रोहिण्या सैल होतात, पण पुढच्या नीला तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे पाणी पावलांत उतरतं. ही सूज औषधाची ओळखीची तक्रार आहे. किडनी बिघडून ती येत नाही. डॉक्टरांना सांगितलं की ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. आईंनी सांगितलं नाही, एवढंच चुकलं.

आता महत्त्वाचं. किडनी म्हणजे लाखो बारीक गाळण्या. मधुमेहात या गाळण्यांच्या आतला दाब वाढतो, त्यात वरून बीपी जास्त असलं की छिद्रं सैल होतात आणि प्रथिनं लघवीत गळायला लागतात. एसीआर ३० च्या वर म्हणजे गळती. आईंचं १९० आहे. क्रिएटिनिन मात्र फार उशिरा वाढतं, बरंच नुकसान झाल्यावर. म्हणजे 'क्रिएटिनिन चांगलं आहे' याचा अर्थ 'अजून वेळ हातात आहे' असा घ्यायचा. (ताप किंवा लघवीतला संसर्ग असला तरी एसीआर वाढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करून घ्या.)

टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो. प्रथिनं गळणाऱ्या मधुमेहींवरचे लोसार्टन आणि इर्बेसार्टनचे दोन मोठे अभ्यास २००१ साली आले. त्यांत या गोळ्यांनी किडनी निकामी होण्याची गती मंदावल्याचं दिसलं. त्याआधी १९९८ साली ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात ज्या मधुमेहींचं बीपी सरासरी १४४/८२ ठेवलं, त्यांच्यात सरासरी १५४/८७ असलेल्या गटापेक्षा पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. दोन गटांच्या वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा होता, हे आईंना जरूर सांगा. आज आम्ही शक्य असेल तिथे १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो.

गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. दाब उतरल्यामुळे क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. नेमकं याच वेळी 'बघा, गोळीने किडनी बिघडली' म्हणून घाबरून लोक औषध सोडतात.

मला दोन गोष्टी सांगा. चक्कर येते तेव्हा साखर मोजली आहे का? आणि गुडघ्यांसाठी काही घेतात का?

वेणू_इचलकरंजी:

माझ्या थोरल्या दिरांनीही 'मला काही होत नाही' म्हणत आठ वर्षं बीपीची गोळी टाळली. साखरेची मात्र वेळेवर घ्यायचे. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. पहाटेच्या एसटीने जातात आणि परत आले की दिवसभर आडवे. तुमच्या आईंच्या हातात अजून वेळ आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

पटवायचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंना मी बोलून काहीच पटवू शकले नाही. मग वही दिली. मशीनवरचा आकडा त्यांनी स्वतः लिहायचा, सकाळी गोळीआधी आणि रात्री. पंधरा दिवसांत त्यांनाच दिसलं की मयताला जाऊन आल्या, पापड-लोणचं जास्त झालं, झोप झाली नाही की आकडा चढतो. आता स्वतःच म्हणतात, "आज जरा जास्त आहे, चटणी नको."

मोजताना पाच मिनिटं शांत टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. दोनदा मोजून लिहायचं. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो.

कृष्णाकाठची:

डॉक्टर, तुमचं वाचून वहिनीला ग्लुकोमीटर लावायला सांगितलं. आज पहाटे साडेचारला चक्कर आली तेव्हा साखर ६६ होती! आई संध्याकाळी सातला अर्धी भाकरी खाते आणि ग्लिमेपिराइड मात्र पूर्ण घेते. आम्ही सगळे बीपीच्या गोळीला दोष देत बसलो होतो.

आणि गुडघ्यांसाठी, हो. मेडिकलमधून दुखायची गोळी आणते, आठवड्यातून चार-पाचदा. बहुतेक डायक्लोफेनॅक. 'ती काय, साधी दुखायची गोळी' म्हणून तिने कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

वऱ्हाडी_फिजिशियन:

६६ म्हणजे साखर कमी. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. आजच डॉक्टरांना फोन करून ग्लिमेपिराइडचं विचारा, उद्यावर टाकू नका. उभं राहिल्यावरचं बीपीही मोजा: आधी आडवं, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला तर तेही कळवा. जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊन असं होतं.

दुखायची गोळी थांबवा. तिने बीपी चढतं, पाणी साठतं आणि टेल्मिसार्टनसोबत रोज घेतली तर किडनीवर ताण येतो. काकूंची भीती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या गोळीवर गेली. गुडघ्यांसाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

मिरजेचा_वाटाड्या:

एक भर घालतो. 'कमी सोडियमचं' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं. साधंच मीठ वापरा, पण दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत.

कृष्णाकाठची:

तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली, तेव्हापासून पहाटेची चक्कर नाही. उभं राहून बीपी फक्त ६ ने उतरतं. टेल्मिसार्टन पुन्हा सुरू आहे, क्रिएटिनिन १.०, पोटॅशियम ४.७. वहीत कालचा आकडा १३४/८०, आईच्या अक्षरात. गुडघ्यांना शेक आणि लागलीच तर पॅरासिटामॉल.

मिरजेच्या दादांनी सांगितलेलं ते मीठ भावाने आधीच आणून ठेवलं होतं, ते परत केलं. एसीआर जूनमध्ये पुन्हा करायचं आहे, त्याचा आकडा इथेच लिहीन. वेणूताई, आईने विचारलंय की वही संपली की सासूबाई जुनी जपून ठेवतात का?