जुनी कात्रणं, वह्या, पूर्वज : तुमचे अनुभव लिहा

शेवग्याची_शेंग
आत्याकडे माळा आवरताना ट्रंकेच्या तळाशी पेपरचं कात्रण मिळालं. जुलै 1947, रामदास बोट बुडाल्याची बातमी. गटारीला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली, हे सगळं ऐकून होतो. पण कात्रणाच्या कडेला शिसपेन्सिलीने 'बापू' एवढंच लिहिलंय. बापू कोण? आत्या म्हणाली, आजोबांचा धाकटा भाऊ. त्याचा विषय निघाला की आजी उठून आत जायची, म्हणून पुढे कोणी काढलाच नाही. आता मला चैन पडत नाहीये. तुमच्याकडे असं काही सापडलंय का?

खाडीपलीकडची
बापरे. आमचं आजोळ रेवसकडचं. कोळ्यांनी होडीतली मासळी पाण्यात टाकून माणसं वर घेतली असं आजोबा सांगायचे. त्यात तुमचे बापू असते तर... असो. भात लावून आलेय, नंतर लिहिते.

पेठेतला
तुमच्याकडे कात्रण तरी आहे हो. आमची कागदांची पेटी 12 जुलै 1961 ला मुठेत गेली. पानशेत! वंशावळ, पत्रं, पणजोबांची सनद, सगळं. काका अजून धरणाला शिव्या देतात.

माईची_लेक
त्र्यंबकेश्वरला जाऊन या. गाव नि आडनाव सांगितलं की गुरुजी बासनातून लांबुळकी वही काढतात. खापरपणजोबांची मोडीतली सही बघितली आणि अंगावर काटा आला. मग आमच्याही सह्या घेतल्या. लेक म्हणाला, आई, मी नीट अक्षर काढतो, पुढच्यांना वाचता यायला हवं.

सातबारा
भावनिक होण्याआधी तहसील कचेरीत अर्ज टाका. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्यात. मोडी वाचणारा मात्र आधी गाठून ठेवा, त्यांचे भाव वधारलेत.

उखाणा
कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकात, बायका शोधून दाखवा! आमच्यात पणजीचा उल्लेख 'पत्नी, माहेर अमुक गाव'. मुलींचा 'दोन कन्या'. नावं नाहीत. पण रुखवतातलं तांब्याचं घंगाळ आहे, त्याच्या काठावर तिचं माहेरचं पूर्ण नाव कोरलंय, खाली शके 1848. चिंचेने घासल्यावर दिसलं. माझ्या मते खरा कुलवृत्तांत स्वयंपाकघरात असतो. भांडी उलटी करून बघा.

खाडीपलीकडची
+1 उखाणा!! आमच्या सगळ्या पिंपांवर आजोबांचंच नाव. पाणी भरायची आजी.

पेठेतला
शके 1848 म्हणजे 1926. 78 मिळवायचे. लग्न पौषानंतरचं असेल तर 1927 ही असू शकेल, तिथी कोरली आहे का?

उखाणा
तिथी नाही. वजन कोरलंय, पक्के शेर. हिशेबी माणसं.

बेटावरची_सून
मॉरिशसहून. इथे सासरचे मूळचे रत्नागिरीकडचे, गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदी बघायला मिळतात. वय, उंची, बापाचं नाव, गाव. गावाचं स्पेलिंग साहेबाने असं काही केलंय की आम्ही अजून नकाशा घेऊन बसलोय. कोकणातलं कोणी मदत करेल का?

सातबारा
फोटो टाका. तालुका कळला तरी निम्मं काम होतं.

वाळवी_नको
@शेवगा, कात्रणाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घडी उलगडून सपाट ठेवा, उन्हात धरू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठच्या जाहिरातीवरून पेपर कुठला ते कळतं, मग त्याच तारखेच्या पुढचे अंक ग्रंथालयात मागा. मृतांची नावं नंतरच्या अंकांत आली असतील.

शेवग्याची_शेंग
पाठीमागे काढ्याची जाहिरात आहे. आणि आजोबांनी केलेली किराण्याची बेरीज.

पेठेतला
बेरीज बरोबर आहे का?

माईची_लेक
उखाणा, घंगाळ काढायचं झालं तर आधी मला सांग गं.