मुंबईच्या फोर्टची तटबंदी आज कोठे शोधावी?

प्रश्न : पायवाट

नोकरीनिमित्त फोर्टमध्ये वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यालाही तेथला कोट नेमका कोठे होता हे सांगता येत नाही. जुन्या नकाशांत चर्च गेट, अपोलो गेट व बाजार गेट हे तीन दरवाजे, तटाबाहेरचा खंदक आणि त्यापलीकडचे मोकळे मैदान स्पष्ट दिसते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मी या भागातील पदभ्रमंती आखत आहे. तटाची रेषा आजच्या रस्त्यांवर कशी ओळखावी, तिचा एखादा तुकडा पाहता येतो का, आणि ती पाडली का गेली, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : कुलाबाकर

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बॉम्बे कॅसल हा पोर्तुगीजकालीन वाड्याभोवतीचा छोटा कोट असून तो आता ‘आयएनएस आंग्रे’ या नौदलाच्या तळात आहे. तेथे परवानगीशिवाय जाता येत नाही. (ज्या कान्होजींनी कंपनीच्या गलबतांना जेरीस आणले, त्यांचेच नाव त्या कोटावर लागले, याचे मला नेहमी समाधान वाटते.) तुम्ही विचारता ती शहराची तटबंदी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१५ नंतर, उभी राहिली.

सुरुवात हुतात्मा चौकातून करावी. फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये बसवले गेले ते साधारण चर्च गेटच्याच जागी, त्यामुळे चर्चगेट स्थानकापाशी दरवाजा शोधणारा माणूस बराच पश्चिमेला भरकटतो. तेथून उत्तरेकडे जाणारा दादाभाई नवरोजी मार्ग ढोबळमानाने तटाच्या पश्चिम बाजूला धरून आहे, आणि काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग तर पूर्वी रॅम्पार्ट रो म्हणूनच ओळखला जाई. बाजार गेट उत्तरेला, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाजूला होते. प्रत्यक्ष दगडी बांधकाम पाहायचे असेल, तर सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ फोर्ट जॉर्जचा अवशेष आहे. हा भाग १७६९ मध्ये मूळ तटाला जोडलेला होता.

प्रतिसाद : बखरप्रेमी

पाडण्याचे कारण समजण्यासाठी आधी ती वाढवण्याचे कारण पाहावे लागते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मुंबईत घबराट पसरली, खंदक खणण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. तोफांचा मारा करताना आडोसा राहू नये म्हणून तटाबाहेरची जागा मोकळी ठेवली जात असे. आझाद, क्रॉस व ओव्हल ही मैदाने त्याच एस्प्लनेडचे उरलेले भाग आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तटाचे मुख्य प्रयोजनच संपले. आतली वस्ती मात्र दाटतच गेली. १८०३ च्या भीषण आगीने त्या दाटीचा धोका आधीच दाखवून दिला होता. तरीही १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन येईपर्यंत निर्णय रेंगाळला. त्याच वेळी अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या भावाने शहरात अमाप पैसा आणला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सचिवालय, विद्यापीठ व उच्च न्यायालय यांच्या इमारती उभारण्याचा मार्ग खुला झाला.

प्रतिसाद : गिरगावकर

वरील माहिती योग्य असली, तरी सारे श्रेय फ्रिअरच्या पदरात टाकणे मला पटत नाही. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून आणि फ्लोरा फाउंटनचा बराच खर्च खर्सेटजी फर्दूनजी पारेख यांच्या पैशातून झाला. कापसाचा बाजार १८६५ मध्ये कोसळला, प्रेमचंद स्वतः त्यात पुरते अडकले, तरी मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. गवंडीकाम व हमाली करणाऱ्या कामाठी मजुरांची नावे मात्र कोणत्याही कोनशिलेवर आढळत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

आणखी एक सूचना अशी, की बाजारगेट स्ट्रीट वगळू नये. कोटाच्या उत्तर भागात पारशी व गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि दक्षिण भागात प्रामुख्याने इंग्रज राहत. उत्तरेकडच्या अरुंद गल्ल्यांतून हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत आल्यास ही विभागणी विद्यार्थ्यांना नकाशाशिवाय समजेल. रविवारी सकाळी निघावे, म्हणजे त्या गल्ल्यांतून मोठा गट नेणे शक्य होईल.