पावसाळाभर कपाटात राहिलेला लॅपटॉप: पंखा फिरतो, बंद पडतो, पुन्हा फिरतो

जांबोटी_रोड
खानापूर तालुका. लॅपटॉप २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क. जूनपासून कपाटात बॅगेत होता. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा तीन-चार सेकंद फिरतो, बंद पडतो आणि आपोआप पुन्हा तेच. पडदा काळा, बीप नाही. अडॅप्टर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर, पिनच्या मधोमध बारीक सुई. बॅटरी आधीच गेलेली. आत दूध सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब आहेत, दुसरीकडे कॉपी नाही. मीटर आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे. बेळगावला न्यायच्या आधी घरी काय बघता येईल?

निपाणी_मीटर
आधी हिशेब बाहेर काढा, लॅपटॉप नंतर बघू. अडॅप्टर आणि बॅटरी काढा, खालचं झाकण उघडा. अडीच इंची डिस्क कनेक्टरपासून आडवी सरकवून काढायची, वर उचलायची नाही, पिना वाकतात. सॅटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा. फोल्डर उघडताना परवानगी मागितली तर द्या. डिस्क टकटक करत असेल तर लगेच काढा, पुन्हा पुन्हा जोडून बघू नका.

डिस्क नसली तरी कंपनीचा लोगो पडद्यावर यायलाच पाहिजे. तुमच्याकडे तोही येत नाही, म्हणजे बिघाड विंडोजच्या कितीतरी अलीकडे आहे. 'विंडोज मारून बघा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मग अडॅप्टर मोजा. मीटर डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा, २० ची रेंज अगदी काठावर येते. लाल टोक नळीच्या आतल्या भिंतीला, काळं बाहेरच्या पत्र्याला. १९ ते २० च्या मध्ये आकडा आला तर ठीक. मधली सुई वीज नेत नाही, ती फक्त अडॅप्टरची ओळख सांगते. ती मोडली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मंद धावतो. अडॅप्टरचा दिवा पिन लॅपटॉपला लावताच विझत असेल तर बहुधा आत शॉर्ट आहे. मग दुसरे अडॅप्टर लावून बघणं नको.

चिकोडी_०७
ओल धरली असणार. हेअर ड्रायर मारा, नाहीतर दोन दिवस तांदळात ठेवा.

शहापूर_चिप
तांदूळ भातालाच बरा. त्याची पूड पंख्यात जाते आणि पिनांवर चढलेला थर तसाच राहतो. ड्रायरच्या गरम हवेने प्लास्टिक वाकतं, ओल आणखी आत ढकलली जाते. झाकण उघडं ठेवून पंख्याखाली एक दिवस ठेवलं तर पुष्कळ.

तीन-चार सेकंदांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होणं हे बहुतेक वेळा रॅमचं लक्षण. प्रोसेसर तापून बंद पडायला जरा वेळ लागतो. तुमच्याकडच्या पावसात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. असं करा:

अडॅप्टर, बॅटरी काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रॅमच्या दोन्ही बाजूच्या पकडी बाहेर सारा, पट्टी तिरकी वर येते. सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने हलकी घासा, भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून स्लॉट साफ करा. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकटून राहतं. पट्टी तिरकी घालून दाबा, दोन्ही पकडींचा 'टक' आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम हीच निम्मी रडकथा असते. चालू झालं नाही तर दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला.

उसनी रॅम आणली तर ती डीडीआर३ लॅपटॉपची हवी. तुमच्या पिढीला १.५ आणि १.३५ व्होल्ट दोन्ही चालतात. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका.

तरीही तेच, तर आरटीसीची बॅटरी. जमिनीच्या उताऱ्याची आरटीसी नव्हे हो, आतलं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल. मीटरवर २.७ च्या खाली असेल तर बदला. काढून पाच मिनिटं थांबा, जुन्या सेटिंग पुसल्या जातात. उघडलंच आहे तर पंख्याजवळ मुंग्यांचं घर नाही ना तेही बघा.

जांबोटी_रोड
हिशेब पेनड्राइव्हवर आले! अडॅप्टर १९.६ दाखवतो, लॅपटॉपला लावल्यावर दिवा विझत नाही. रॅम घासून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, सेलही बदलला. आता पंखा फिरतच राहतो, कॅप्स लॉक दाबला की त्याचा दिवा लागतो-विझतो. पडदा मात्र काळाच.

शहापूर_चिप
कॅप्स लॉक ऐकतो म्हणजे बोर्ड जिवंत आहे. खोली अंधारी करा, टॉर्च पडद्यावर तिरका धरा, अंधुक काही दिसतं का बघा. शिवाय व्हीजीएला, म्हणजे बाजूच्या मॉनिटर जोडायच्या जागेला, जुना मॉनिटर लावा. त्यावर काही आलं नाही तर फंक्शन की धरून पडद्याचं चित्र असलेली की दाबा.

जांबोटी_रोड
मॉनिटरवर 'बूट डिव्हाइस नाही' असं येतं. टॉर्चने लॅपटॉपच्या पडद्यावर तेच अंधुक दिसतं.

निपाणी_मीटर
बूटचं सोपं आहे, डिस्क बाहेर आहे ना! बसवल्यावरही तेच आलं तर सेल काढल्याने बूट मोड, म्हणजे लॅपटॉप सुरू व्हायची पद्धत, बदलला असेल. सेटअपमध्ये जाऊन लेगसी असेल तर यूईएफआय, यूईएफआय असेल तर लेगसी करून बघा. तारीखही नीट करा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणेल.

शहापूर_चिप
अंधुक दिसतं म्हणजे पडद्यामागचा उजेड, बॅकलाइट, गेलाय, पडदा चांगला आहे. बिजागरीजवळ घासलेली केबल, बोर्डावरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज, नाहीतर एलईडीची पट्टी. केबल काढून परत बसवा, पण अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढूनच. चालू स्थितीत ती तिरकी बसली तर बॅकलाइटचा व्होल्टेज शेजारच्या पिनेवर जातो आणि चांगला फ्यूजही उडतो.

केबलने जमलं नाही तर चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि 'बॅकलाइटचा फ्यूज आणि तिथला व्होल्टेज तपासा' एवढंच सांगा. कोणी न मोजताच हीट गन मारतो म्हणाला किंवा अख्खा पडदा बदलायला सांगितला तर लॅपटॉप उचलून परत या. तोवर मॉनिटर लावून सोसायटीचे हिशेब चालू राहतील.