तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरसाठी कोणते आर्थिक आकडे पाहावेत?

लघुउद्योजक, रबाळे

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना असून तेथे तयार होणारे व्हॉल्व्हचे सुटे भाग आम्ही न्हावा शेवा बंदरातून अमेरिकेला पाठवतो. माल रवाना झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंत साधारण 90 दिवस जातात आणि तोवर डॉलरचा भाव कुठे जाईल याचा घोर लागून राहतो. वर्षभर मी महागाई, व्याजदर आणि रोजगाराचे आकडे नेमाने वहीत टिपतो आहे. तरीही अमेरिकेतील रोजगाराचे आकडे चांगले आले असताना डॉलर उतरल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले, आणि अशाच एका प्रसंगी भाव चढेल या आशेने विक्री लांबवल्यामुळे नुकसान सोसले. आकडे वाचण्यात माझे काय चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त बँक कर्मचारी, घोडबंदर रोड

आपण आकडा टिपता, परंतु त्याविषयी बाजाराची अपेक्षा काय होती हे टिपत नसाल, असे वाटते. अपेक्षा आधीच भावात उतरलेली असते. आकडा जाहीर झाल्यावर भाव हलतो तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष आकडा यांतील फरकामुळे. शिवाय अमेरिकेच्या रोजगार अहवालात मागील दोन महिन्यांचे आकडेही सुधारून दिलेले असतात. मथळ्यातील आकडा उत्तम असला आणि मागचे आकडे खाली आणलेले असले, तर डॉलर घसरू शकतो. आपल्या वहीतील कोडे बहुधा येथेच सुटेल.

तथापि आपल्यासारख्या निर्यातदाराने सर्वांत आधी दोन देशांच्या व्याजदरांतील फरक पाहावा, असे माझे ठाम मत आहे, कारण फॉरवर्डचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरसाठी बँकेशी आजच ठरवलेल्या दराचा, प्रीमियम (आजच्या भावाहून जास्तीची रक्कम) त्यातूनच ठरतो. समजा डॉलर आज 85 रुपयांना आहे, भारतातील व्याजदर 6 टक्के आणि अमेरिकेतील 4 टक्के आहे. तर 2 टक्क्यांच्या फरकाने वर्षाला सुमारे 1 रुपया 70 पैसे आणि तीन महिन्यांना साधारण 42 पैसे प्रीमियम होतो. डॉलर आजच फॉरवर्डने विकणाऱ्या निर्यातदाराला ही रक्कम मिळते. म्हणून थांबायचे असेल तर डॉलर 42 पैशांहून अधिक वाढेल असे मानण्याइतका आधार हवा. नुसता ‘वाढेल’ हा अंदाज पुरत नाही. मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात अमेरिकेच्या फेडने (तेथील मध्यवर्ती बँकेने) आपला दर जवळपास शून्यावरून 5.25 ते 5.50 टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा हा फरक आटला आणि प्रीमियमही रोडावला.

चालू खात्यातील तूट (मुख्यतः आयात-निर्यातीच्या व्यवहारांत देशाबाहेर जाणारे चलन येणाऱ्याहून जितके अधिक, ती रक्कम) आणि खनिज तेलाचा भाव हे सावकाश चालणारे घटक आहेत. त्यांवरून उद्याचा भाव कळत नाही, मात्र धक्का बसला तर तो किती खोल जाईल याची कल्पना येते. 2012-13 मध्ये ही तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर होती. मे 2013 मध्ये फेडने रोखे खरेदी कमी करण्याचे सूतोवाच करताच 55 रुपयांच्या आसपासचा डॉलर 28 ऑगस्टला 68 रुपयांच्या पुढे गेला. याउलट 2023 मध्ये फेडचे दर चढत असूनही डॉलर वर्षभर साधारण 81 ते 83.50 रुपयांच्या पट्ट्यात राहिला. रिझर्व्ह बँक बाजारात उतरून मोठे चढउतार सौम्य करते. म्हणून दर शुक्रवारी जाहीर होणारा परकीय चलन गंगाजळीचा आकडाही वहीत असू द्यावा.

सुकामेवा आयातदार, तुर्भे

वरील विवेचनात मी वेळेचा मुद्दा जोडतो. अमेरिकेतील महागाई आणि रोजगाराचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी 6 वाजता, हिवाळ्यात 7 वाजता येतात, तर डॉलर-रुपयाचे वायदे, म्हणजे एक्स्चेंजवरील पुढच्या तारखेचे सौदे, 5 वाजता बंद होतात. रोजगाराचा आकडा बहुधा शुक्रवारी येत असल्याने त्याचा परिणाम थेट सोमवारी सकाळच्या पहिल्या भावात दिसतो आणि स्टॉप-लॉस (तोटा ठरावीक भावाला थांबवण्याची आगाऊ सूचना) लावलेला असला तरी तो ठरवलेल्या भावाला लागेलच असे नाही. वायद्याच्या एका लॉटमध्ये (सौद्याच्या एककात) 1,000 डॉलर असतात, म्हणजे भाव एका पैशाने हलला की लॉटमागे 10 रुपये. 50 लॉट असतील तर 40 पैशांच्या उडीत 20,000 रुपये जातात. म्हणून मी बदामाचा सौदा पक्का होताच निम्मी रक्कम बँकेच्या फॉरवर्डने बांधून टाकतो आणि उरलेल्या निम्म्यापुरतेच आकड्यांचे वाचन करतो.

वाचक, नौपाडा

माझा पुतण्या एका परदेशी ॲपवर युरो-डॉलरचे व्यवहार करतो. हेच विश्लेषण त्याच्या उपयोगी पडेल का?

निवृत्त बँक कर्मचारी, घोडबंदर रोड

विश्लेषणाच्या आधी त्याने कायदा पाहावा, ही कळकळीची विनंती. अनधिकृत मंचावर असे व्यवहार करणे ‘फेमा’ या परकीय चलनविषयक कायद्याचे उल्लंघन ठरते आणि त्यासाठी परदेशात मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) पाठवण्यास परवानगी नाही. अनधिकृत मंचांची सूची रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून प्रसिद्ध करीत आहे. भारतीय एक्स्चेंजवरील रुपयाच्या वायद्यांतही प्रत्यक्ष परकीय चलनाची देणी-घेणी असल्याशिवाय उतरता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये स्पष्ट केले असून ते परिपत्रक 3 मे 2024 पासून लागू आहे. पुतण्याने पुढे पैसे पाठवणे आजच थांबवावे.

लघुउद्योजक, रबाळे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वहीत अपेक्षित आकडा आणि सुधारित आकडा असे दोन रकाने आजपासून वाढवले आहेत. सोमवारी बँकेकडून 90 दिवसांचा फॉरवर्ड दर लेखी मागवतो. एक शंका मात्र उरते: ग्राहकाचे पैसे लांबले, तर करार पुढे ढकलता येतो का?

सुकामेवा आयातदार, तुर्भे

येतो, पण त्या दिवशीच्या बाजारभावाने. बँक जुना करार रद्द करून नवा करते आणि फरक आपल्याला द्यावा किंवा घ्यावा लागतो, शिवाय शुल्कही पडते. ग्राहक नेहमीच आठवडा-दोन आठवडे उशीर करीत असेल, तर ठरावीक मुदतीत कोणत्याही दिवशी डॉलर देण्याची मुभा असलेला करार बँकेकडे आधीच मागावा. त्याचा दर थोडा कमी मिळतो, तो मी आयातदार असूनही वाजवी मानतो.