सगळ्या सोसायटीला सॉफ्टनर? माझं मत विरोधात

ठिबक
रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषय एकच. बोअरचं पाणी जड आहे, म्हणून टाकीआधी मोठा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवायचा आणि सगळ्या घरांतल्या सगळ्या नळांना तेच पाणी सोडायचं. मी विरोधात मत देणार आहे. का ते सांगतो, मग झोडपा.

पाणी जड आहे यात वाद नाही. कमिटीने तपासून आणलंय, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ४२० मिलिग्रॅम. १८० च्या वर गेलं की 'फार जड' म्हणतात. पण नोटिशीत 'दूषित पाण्यावर उपाय' असं लिहिलंय, तिथे माझं डोकं फिरलं. जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. घाबरायचं तर जंतूंना घाबरा, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिकला घाबरा. रिपोर्टमध्ये यातलं एकही तपासलेलं नाही आणि हा सॉफ्टनर यातलं काहीही काढत नाही.

उलट तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बदल्यात पाण्यात सोडियम घालतो. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४२० काढले तर १९३. २०० च्या आसपास चव कळायला लागते. रक्तदाबामुळे मीठ तोडलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत?

अर्धी_बादली
नोटीस वाचूनच ओळखलं, तुम्ही आमच्याच सोसायटीतले. मी बी विंगमध्ये.

दूषित हा शब्द चुकला, मान्य. पण तुम्ही एकदा आमच्या घरी या. मागच्या महिन्यात प्लंबरने गिझर उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. कॉइल दिसतच नव्हती. तिच्याभोवती पिवळट पांढरा दगड चढला होता, त्याने पान्याने ठोकला तर खापऱ्या निघाल्या. एक खापरी मी व्हिनेगरमध्ये टाकली, फसफसून अर्धी विरघळली. अठरा महिन्यांतली ही दुसरी कॉइल. शॉवरची निम्मी भोकं बंद. साबणाचा फेस होत नाही, बादलीच्या कडेला राखाडी साका मात्र भरपूर. धाकट्याला इसब आहे, त्याची कातडी आंघोळीनंतर अजूनच ताणते. आरोग्य संघटनेने मर्यादा घातली नाही म्हणून हे सगळं सोसायचं का?

आकडेमोड
इसबाबद्दल एक सांगतो, रागावू नका. ब्रिटनमध्ये यावर नीट चाचणी झाली, निष्कर्ष २०११ साली आले. इसब असलेली ३३६ मुलं, निम्म्यांच्या घरी लगेच सॉफ्टनर, बाकीच्यांच्या घरी नेहमीचंच पाणी. १२ आठवड्यांनी तपासलं तर इसबाच्या तीव्रतेत सॉफ्टनरचा वेगळा फायदा दिसला नाही. साबण कमी लागेल, नळ चकचकीत राहतील, ते खरं. पण मुलाच्या आशेवर मत देऊ नका.

आणि सॉफ्टनर बसल्यावर कुणीतरी टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारं) घेऊन येणारच, त्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो. आमच्याकडे एका काकांनी आधीचं पाणी मोजलं, नंतरचं मोजलं, आकडा जवळपास तोच. 'फसवलं आपल्याला' म्हणून जिन्यात आरडाओरडा. अहो, कॅल्शियम गेलं तिथे सोडियम आलं, विरघळलेलं एकूण तेवढंच राहणार. मीटर नुसती पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. जडपणा बघायचा तर टायट्रेशनच, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून रंग लालसरवरून निळा होतो ती चाचणी.

अर्धी_बादली
ती ३३६ मुलं दाखवून माझी कॉइल परत येत नाही.

गंजका_पाईप
मी ठिबकच्या बाजूने. जुन्या पाईपांच्या आत क्षाराचा जो थर बसतो ना, तो अस्तरासारखा काम करतो. पाणी मऊ केलं की अस्तर जातं आणि धातू पाण्यात उतरतो. अमेरिकेत फ्लिंटला २०१४ मध्ये शिसं कसं आलं आठवा.

आकडेमोड
फ्लिंटला बोट दाखवताय ते चुकतंय. तिथे पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं आणि गंजरोधक फॉस्फेट घातलंच नाही. त्यात मऊपणाचा संबंध नाही. मीठवाला सॉफ्टनर पाण्यातली क्षारीयता, म्हणजे आम्लाला आवर घालणारा गुण, काढत नाही, त्यामुळे निव्वळ त्याने पाणी कुरतडणारं होत नाही. तुमची भीती डोंगरातल्या मुळातच मऊ, आम्लसर पाण्याला लागू आहे. शिवाय ठिबक यांच्या इमारतीत पाईप प्लास्टिकचे असतील तर वादच मिटला.

ठिबक
प्लास्टिकचेच आहेत. माझ्या बाजूचा मुद्दा पडला तरी हे बरोबर आहे, घेतो.

मग अर्धी_बादलीताई, गिझरचं तापमान ५० वर ठेवून बघितलंत का? पाणी जितकं तापवाल तितका क्षार जास्त बसतो.

अर्धी_बादली
म्हणजे कोमट पाण्याने आंघोळ करा, असं.

निळी_टाकी
आणि तो सल्ला सरसकट देऊ नका. साठवणीच्या गिझरमध्ये पाणी कोमट राहिलं तर लिजिओनेला जंतूला आयतं घर मिळतं, म्हणून साठवलेलं गरम पाणी ६० अंशांवर ठेवायला सांगतात. जंतूंना घाबरा म्हणणारे तुम्हीच ना?

कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते, सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे जडपणा धरून ठेवणारे मणी, मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, ते पाणी जाणार कुठे? बागेला सांडपाणी शुद्ध करून देत असाल तर ते सोडियम मातीत उतरतं, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. आमच्या कुंपणाच्या मेंदीचं तेच झालं. त्यापेक्षा स्वयंपाकघराचा नळ आणि बाग सॉफ्टनरच्या आधीच्या लाईनवर ठेवा. न्हाणीघर, गिझर, वॉशिंग मशीन नंतरच्या लाईनवर.

ठिबक
तशी वेगळी लाईन निघत असेल तर माझा निम्मा विरोध गेला. पण वरून खाली येणारा पाईप एकच आहे, कमिटी तोडफोडीला तयार होईल असं वाटत नाही.

उरलेला निम्मा मात्र सोडणार नाही. मत घेण्याआधी नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि जंतूंची तपासणी हवी. नमुना शेवटच्या मजल्यावरच्या नळाचा, टाकीचा नाही. नळ पुसून, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू देऊन, निर्जंतुक बाटलीत.

अर्धी_बादली
माझाच मजला शेवटचा आहे. प्रयोगशाळेतून बाटली मी आणते, शनिवारी सकाळी या. खापऱ्या पिशवीत जपून ठेवल्यात, त्या मात्र रविवारी सभेच्या टेबलावर ओतणार आहे.