समुद्रावर जायचं ते कशासाठी? पोहणं, सर्फिंग, कासवं, पक्षी : तुमचे अनुभव लिहा

थंडी ओसरायला लागली की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते, 'कोकणात कुठे जाऊ?' मी आधी उलट विचारते, 'कशासाठी जायचंय?' कासवांच्या किनाऱ्यावर पोहायला उतरणं शहाणपणाचं असेलच असं नाही. जिथे लेकरं निर्धास्त डुंबतात तिथे सर्फिंगला हवी तशी लाट मिळत नाही. तेव्हा आपण काय पाहिलं, काय केलं, कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, हे सगळं इथे लिहूया. फोटोपेक्षा तपशील द्या. नव्याने जाणाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

सुरुवात मी करते. वेळास, तालुका मंडणगड. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. आता कासवमित्र रात्री-पहाटे किनारा पालथा घालतात. वाळूत उमटलेला मादीचा माग काढत घरटं शोधतात आणि अंडी अलगद उचलून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा ठेवतात. एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी असतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. सकाळी दोरीमागे सगळे उभे, कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. आधी नुसती वाळू हलली. मग एक इवलंसं काळं नाक, मागोमाग वल्ह्यासारखा एक पाय. पिल्लांना उचलून पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून त्यांनी स्वतः चालायचं असतं. पहिल्या लाटेने एकाला उलटं करून परत आमच्याकडे फेकलं, तेव्हा माझ्या शेजारच्या आजी चक्क त्याला 'ऊठ रे बाळा' म्हणाल्या. तो उठला आणि गेला. फ्लॅश नाही, हात लावायचा नाही, आवाज नाही, हे नियम मुलांनीही पाळले. राहायला गावातलीच घरं आहेत. तिथेच राहा, तिथेच जेवा. घरटी राखणाऱ्या गावाच्या हाती पैसा गेला पाहिजे.

*गुहागरहून*

ताई, वेळासचं लिहिलंत ते छान, पण आमच्या गुहागरचंही लिहायला हवं. अलीकडच्या वर्षांत आमच्या किनाऱ्यावर घरटी भरपूर होतात. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरमधल्या पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले होते, वेळासच्या मादीचं नाव 'प्रथमा'. पुढच्या वर्षी आमच्याकडच्या 'बागेश्री'ला टॅग लावला, तर ती दक्षिणेकडे निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात. रोज सकाळी गावात चहाच्या टपरीवर एकच चर्चा, 'आज कुठे पोचली?' आणि २०२५ मध्ये तर कमाल झाली. आमच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर जो टॅग होता, तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला! पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एक कळकळीची विनंती. गाड्या वाळूवर आणू नका. चाकाची चाकोरी तुम्हाला चार बोटं वाटते, पिल्लाला ती खंदकच. त्यात ते अडकलं की कावळा टपलेलाच असतो. हे मी स्वतः पाहिलंय आणि त्या सकाळी मला जेवण गेलं नाही.

*रत्नागिरीहून, पोहणारा माणूस*

पोहण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लहानपणापासून समुद्रात पोहतोय. लाट माणसाला बुडवत नाही, परतीचा ओढा बुडवतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी मागे जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. तो पट्टा ओळखायला शिका: दोन्ही बाजूंना पांढरा फेस असतो, मधे मात्र लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं. परगावचा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाटा नाहीत! खाडीच्या मुखाशी आणि खडकांच्या कडेला तर हा ओढा हमखास.

सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहा, पट्ट्याच्या बाहेर पडलात की लाटच तुम्हाला किनाऱ्याकडे आणते. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. गणपतीपुळ्याला देवदर्शन झालं की माणसं कपड्यांनिशी पाण्यात उतरतात. तिथला समुद्र उतरता आणि ओढीचा आहे, सूचनांचे फलक लावलेले आहेत. पाय भिजवा, पुढे जाऊ नका.

*देवगड, सध्या ठाणे*

वरच्या दादांच्या लिहिण्याला जोड म्हणून आमच्या आजोबांचा हिशोब देते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाण, पाणी वरपर्यंत चढतं आणि ओढही जास्त. मोबाइलवर आता सगळं मिळतं, पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर भिंतीवरचं कॅलेंडर कामी येतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे किनाऱ्यावर जाळं नीट करत बसलेला माणूस. त्याला विचारायचं. 'आज पाण्याक ओढ आसा, खोल जाव नकात' असं तो म्हणाला की विषय संपला.

*कोल्हापूरहून, दोन मुलांची आई*

आमचं पोहण्याचं ठिकाण पाळोळे, दक्षिण गोवा. दोन्ही टोकांना डोंगराचे हात पुढे आलेत, त्यामुळे आत लाट मवाळ आणि तळ हळूहळू उतरत जातो. गोव्यात जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागातच पोहायचं, नुसता लाल बावटा असेल तिथे उतरायचं नाही. मुलांना हे एकदा समजावलं की तीच आपल्याला दटावतात. तिथून जवळच आगोंद आणि गालजीबाग, दोन्हीकडे कासवांसाठी राखीव जागा आहेत. गालजीबागला सुरूच्या बनामागे इतका मोकळा किनारा मिळाला, की आम्ही दुपारपर्यंत तिथून हललोच नाही.

*पुण्याहून, वय २६*

सर्फिंग! कोणी लिहीतच नाहीये. मी शिकले मुल्कीला, मंगळुरूच्या उत्तरेला. भारतात सर्फिंगचा पाया घालणाऱ्या जागांपैकी ही एक, इथला मंत्रा सर्फ क्लब २००४ पासून आहे. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धाही होतात. पहिला अख्खा तास वाळूवरच. वाळूत बोर्डचा आकार काढायचा, त्यावर पालथं पडायचं, हात बरगड्यांशी टेकवून एका दमात उभं राहायचं. पुन्हा. पुन्हा. मग पाण्यात, तेही कंबरेइतक्याच. नवशिक्याला लांब, मऊ फोमचा बोर्ड देतात आणि आधीच फुटून फेसाळलेल्या लाटेवर शिकवतात. माझे शिक्षक तिथल्याच मच्छीमार घरातले. लाट मागून येत असताना ते वळून न पाहताच 'आता!' म्हणायचे आणि तीच बरोबर लाट असायची. पायाकडे बघितलं की पडलंच, नजर समोर माडांवर ठेवायची, ही त्यांची शिकवण. पहिल्यांदा उभी राहून किनाऱ्यापर्यंत आले तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की जाळी ओढणारी माणसं हसायला लागली.

भल्या पहाटे जा. शाळेत शिकलेले मतलई वारे आठवतात? सकाळी जमिनीकडून वारा असतो तोवर लाटा स्वच्छ, एकामागे एक येतात. अकरानंतर खारे वारे सुटले की पाणी विस्कटतं. ऑक्टोबर ते मे शिकणाऱ्यांसाठी बरं, पावसाळ्यातल्या लाटा मुरलेल्यांच्या. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टीशर्ट न्या, नाहीतर पोट बोर्डवर घासून सोलवटतं. इतकं लांब नको असेल तर उत्तर गोव्यात आश्वे-मांद्रे भागातही सर्फिंग शिकवतात.

*दापोलीहून*

हर्णै बंदरावर हिवाळ्यात संध्याकाळी जा. मासळीचा लिलाव चालू असतो आणि वर कुरव (सीगल) पक्ष्यांचे थवेच्या थवे. समोर सुवर्णदुर्ग. मुरूडच्या बाजूने होड्या डॉल्फिन दाखवायला जातात. नाखव्याला आधीच सांगा, पाठलाग करू नका, इंजिन बारीक ठेवा. तसं केलं की डॉल्फिन होडीजवळ आपणहून येतात, आमच्या वेळी तरी आले.

*मालवणहून*

तारकर्लीबद्दल इतकंच. स्कुबाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, पाणी नितळ असतं. पावसाळ्यानंतर लगेच आलात तर गढूळ पाणी बघून जाल. दमा असेल, कानाचं दुखणं असेल तर लपवू नका, पाण्याखाली ते लपत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय देऊ नका, तो दगड नाही, जिवंत आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोराला हात लावा, कोणी नको म्हणत नाही.

*मुंबईहून*

मुंबईत पोहायला किनारा सुचवणार नाही, पण वन्यजीव आहेत आणि भरपूर आहेत. मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर उतरा. साचलेल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपसचं पिल्लू. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे अभ्यासक २०१७ पासून लोकांना सोबत घेऊन अशा फेऱ्या करतात. आयुष्यभर ज्या पाण्याला मी घाण म्हणत आले, त्यात गुडघे टेकून बसायला त्यांनी शिकवलं. जुने बूट घाला, खडक शेवाळाने निसरडे असतात.

*सिडनीहून*

इथे लाल-पिवळ्या बावट्यांमधे पोहणं मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. रविवारी सकाळी 'निपर्स'मध्ये पाच-सहा वर्षांची पोरं लाटेत कसं उतरायचं, मदत कशी मागायची हे शिकतात. आमची मुलगीही जाते. मॅनलीच्या बाजूच्या कॅबेज ट्री बे या संरक्षित भागात मासेमारी बंद आहे, म्हणून डोळ्यांवर मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की मोठे निळे ग्रोपर मासे अगदी जवळून पोहत जातात. जून-जुलैत कड्यावर उभं राहिलं तर उत्तरेकडे निघालेले हंपबॅक व्हेल दिसतात. हे सगळं बघताना वाटतं, आपल्या कोकणातल्या प्रत्येक किनारी शाळेत निपर्ससारखा तास हवा. रत्नागिरीच्या दादांसारखे शिकवणारे तर गावोगाव आहेत.

*साताऱ्याहून*

आईला कासवाची पिल्लं पाहायचीत. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. वेळास जमेल का?

*(धागा सुरू करणारी)*

वेळासला गावातून किनाऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, शेवटी वाळूतूनही. त्यांना गुहागर बरं, किनारा गावाला लागूनच आहे. मार्चमध्ये जा. निघण्याआधी पिल्लं कधी अपेक्षित आहेत ते तिथल्या कासवमित्रांना फोनवर विचारा, आणि दोन रात्री हाताशी ठेवा, कारण एखाद्या सकाळी टोपलीखाली काहीच नसतं.